उतारावरचं गवत

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी प्रत्येक वाक्य 'टेन्शन नको' म्हणून संपवतात. इमारतीमागच्या टेकडीच्या उतारावरचं रानगवत त्यांना डोळ्यांसमोर नको होतं. हेच गवत खोल मुळांनी माती धरून ठेवतं, मुनिया त्यातच घरटी बांधतात, असं पत्रक मी काढलं. त्यांनी ते स्वतः नोटीस बोर्डावर लावलं.

"विरोध पण आपल्याच सोसायटीचा आहे ना! टेन्शन नको."

मग जेसीबी बोलावून त्यांनी गवत मुळासकट खरवडलं आणि लॉन लावलं. पावसाळ्यात लॉन वाहून गेलं, चिखल गेटपर्यंत आला. आता रोज सकाळी ते एकटेच फावड्याने गटार उपसतात.

काल मला थांबवून म्हणाले, "ते गवत लावायला कुठे मिळेल रे?"

"काका, ते कुणी लावलंच नव्हतं. जुन्या मुळांतून दरवर्षी आपोआपच यायचं."

"टेन्शन..." एवढंच म्हणून ते पुन्हा वाकले.