पोट उत्तमरावांचं, बोंब माझ्या दुधाची

सांगा बरं, भरोसा कोणावर ठेवावा, दूधवाल्यावर की गिऱ्हाइकावर? शिरपूर जैनच्या बसस्टँडजवळ माझी डेअरी. इथे किस्से सायीसारखे धरतात. काढले की पुन्हा येतात! सध्याचे सगळे मात्र एकाच पोटातून निघालेत.

*

उत्तमराव मोठे जमीनदार. रोज सकाळी माझ्याकडे ग्लासभर दूध उभ्यानं रिचवतात. तासाभरात पोट गुडगुडतं, आणि साहेब स्टँडभर ओरडतात, "शेटजी, दुधात पावडर टाकून राह्यले काय?"

निम्मी गिऱ्हाइकं पळाली. पोट त्यांचं बिघडलं, कुलूप लागायची वेळ माझ्या डेअरीवर आली!

*

खात्री करायला ते इंझोरीला सोयऱ्यांकडे गेले. डोळ्यांसमोर म्हैस पिळली, धारोष्ण दूध प्यायले. येताना वाटेत बस थांबवावी लागली!

"आता?" मी विचारलं.

"ते म्हैसबी तुमच्यापासूनच शिकली असन!"

*

दही मात्र वाटीवाटीनं ओरपतात.

"उत्तमराव, दही माझ्याच दुधाचं आहे."

"विरजणानं तुमचं पाप धुतलं!"

*

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "काका, दुधातली साखर पचवणारा रस लहानपणी जवळपास सगळ्यांच्या पोटात असतो. मोठेपणी बऱ्याच जणांचा आटतो. काहींचं जीन चालू राहतं, त्यांना दूध पचतं. तुमचं बंद पडलं असेल."

"गावातली कापसाची जीन तर कवाचीच बंद हाय! पण तिथं सरकी काढत होते, माह्या पोटाचा काय संबंध?"

बाईंनी समजावलं, की हे जीन रक्तातलं, आईबापाकडून येणारं. तेव्हा तर भडकलेच. "आमच्या घराण्यात खोट? खालच्या वस्तीत असन!"

त्याच वस्तीतले वानखडे गुरुजी शेजारी बसले होते. म्हणाले, "मलेबी दूध पचत नाही. चला उत्तमराव, सोयरे झालो!"

*

दुसऱ्या दिवशी उत्तमराव भर गर्दीत ग्लास उंच धरून गरजले, "माहा बाप तांब्याभर दूध पेत होता!"

त्यांची म्हातारी आई दही घ्यायला आली होती.

"काहून खोटं बोलून राह्यला रे? लग्नाच्या पयल्या रातीले तुह्या बापाले दुधाचा गिलास देल्ला. पेला, अन् जो परसाकडे गेला तो कोंबडं आरवल्यावर आला! मंग मी त्याले जलमभर ताकच पाजलं. शेटजीच्या दुधाले नाव ठेवू नोको."

गिऱ्हाइकं हसू लागली. माझी छाती फुगली. म्हातारीला मी खुर्ची दिली.

ती बसली, दह्याचं भांडं पुढे केलं आणि म्हणाली, "पावडर नाही, मले ठाऊक हाय. पण शेटजी, पाण्याचा हिसाब तेवढा इमानदारीनं ठेवत जा!"