हात लावायचा हक्क

"तू थांब. आधी हे पुसून घे."

सरांनी पिवळं फडकं माझ्या हातात दिलं. बारामतीतला नेटवर्किंगचा क्लास. शुक्रवार, प्रॅक्टिकलचा दिवस. काचेच्या कपाटातले राऊटर, स्विच बाहेर काढलेले. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. दहावीस कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी लोखंडी पेटी. एकेकानं पुढं यायचं, वायर लावायची, लॅपटॉपवरून त्या पेटीला हुकूम सोडायचा. माझा नंबर आला होता. मी वायर उचलायला हात पुढं केला, तेव्हा सर हे बोलले.

मग हसून म्हणाले, "तुमच्या हाताला सवय असते."

तुमच्या. एकच शब्द. पण क्लासमध्ये सगळ्यांना कळला. दोघंतिघं हसले. बाकीचे मोबाईलमध्ये बघायला लागले.

मी पुसलं. हे लिहिताना अजून कान तापतात, पण लिहितेच. एकेक भोक, एकेक पेटी, मागची बाजूसुद्धा. पुसून होईस्तोवर तास संपला.

मी सणसरची. विहारामागच्या आळीतली. डिप्लोमा झालेली. नोकरीला जाईन तिथं एकच प्रश्न, "प्रत्यक्ष हाताळलंय का?" म्हणून हा क्लास. फी सगळ्यांएवढीच भरलेली. प्रवेशाच्या दिवशी सरांनी आडनाव दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारून झाल्यावर म्हणाले, "तुला एवढी धडपड कशाला? तुमच्या जागा राखीव असतातच की." मी ते गिळलं. फडक्याच्या त्या शुक्रवाराआधीचे तीन शुक्रवारही तेच. एकदा धूळ, एकदा वायरींची गुंडाळी, एकदा "तू कॉम्प्युटरवर चित्रात बघून कर, खरं मशीन बिघडलं तर?" त्याच आठवड्यात एकानं चुकीची वायर खुपसून एक राऊटर बंद पाडला होता. त्याला सर म्हणाले होते, "होतं असं. शिकताना होतंच."

घरी सांगितलं नाही. आबा, माझे वडील, साखर कारखान्यात फिटर. त्या शुक्रवारी संध्याकाळी चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, "आज हातानं काय केलंस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पुसलं."

"काय पुसलं?"

सगळं सांगितलं. आबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मला फिटर व्हायला अकरा वर्षं लागली. उसाची मिल दुरुस्तीला उघडली की मला फडकं द्याचे अन् पाना दुसऱ्याला. मला वाटायचं, चांगलं पुसलं की कवातरी पाना मिळंल. तसं मिळत न्हाय, बाय. चांगलं पुसणाऱ्याला आणखी पुसायलाच देत्यात."

मला सरांचा राग आला होताच. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा आला.

पुढच्या शुक्रवारी फडकं आलं. मी ते टेबलावर ठेवलं.

"नाही पुसणार. माझा नंबर आहे. मी वायर लावणार."

"इथं माझे नियम चालतात."

"मग नियम सगळ्यांना लावा. आधी ह्या पहिल्या बाकाला पुसू द्या."

सरांचा चेहरा लाल झाला. "तुझ्यासाठी लॅब बंद," म्हणाले. मी बॅग उचलली. शौर्यबिर्य काही वाटलं नाही. आता शिकायचं कुठं, एवढंच डोक्यात.

क्लासमधल्या एका मुलाचा फोन आला. "माझी कन्सोल केबल वापर. फक्त सरांना कळू देऊ नकोस." स्विचशी बोलायला हीच वायर लागते. पोरगा वाईट नव्हता. पण मी विचारलं, "क्लासमध्ये सगळ्यांसमोर देशील?" "क्लासमध्ये नको," तो म्हणाला. मी म्हणाले, "मग राहू दे." लपून मिळालेली मदत मला त्या फडक्यासारखीच वाटली.

बारामतीतली दुकानं फिरले. नवी पेटी परवडणारी नव्हती. एमआयडीसीत जुनी पेटी मागायला गेले, दोन कंपन्यांच्या गेटवरूनच परत. शेवटी इंदापुरात, भंगाराच्या दुकानात, फुटक्या मॉनिटरांखाली एक स्विच दिसला.

तिथले तात्या म्हणाले, "ह्यो डबा कशाला पायजे?"

"शिकायचंय."

"मग लांबून काय बघतीस? उचल की. हात लाव, फिरवून बघ."

वायरींच्या ढिगातून केबलही त्यांनीच शोधून दिली. एसटीत स्विच मांडीवर घेऊन बसले.

घरी लॅपटॉपला लावला तर पासवर्ड मागायला लागला. जुन्या मालकाचा. तीन दिवस डोकं खाल्लं. मग पुस्तकात सापडलं. पुढचं बटण दाबून धरायचं आणि तसंच वीज चालू करायची. आबांनी प्लग लावला, मी बटण धरलं. पडद्यावर अक्षरं पळायला लागली. जुना पासवर्ड पुसला, माझा घातला.

पुण्याला जाऊन नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटची परीक्षा दिली. नापास झाले. थोडक्यात. दोन नेटवर्क जोडायच्या प्रश्नात एक पत्ता, म्हणजे नेटवर्कमधल्या मशीनचा नंबर, उलटा लिहिला.

क्लासच्या ग्रुपमधून मला अजून काढलेलं नव्हतं. सरांना कुठून तरी कळलं. त्यांनी लिहिलं, "भंगारावर शिकलं की निकालही भंगार." खाली हसरे चेहरे. मोजले नाहीत.

ग्रुप सोडावासा वाटला. सोडला नाही. उत्तर लिहिलं, ते इथं जसंच्या तसं देते: "सर, नापास झाले. चूक माझी आहे, कुठं झाली तेही मला माहीत आहे. तुमच्या लॅबमध्ये मला चुकूसुद्धा दिलं नाही. पुढच्या महिन्याची तारीख घेतली आहे."

फोन पालथा ठेवला.

मी स्विच चालू केला आणि तो उलटा लिहिलेला पत्ता सुलट लिहायला बसले. पुन्हा नापास झाले तर पुन्हा बसेन. चुकेन, बिघडवेन, उघडून दुरुस्त करेन. पण माझ्या हातानं काय करायचं, हे इथून पुढं दुसरं कुणी ठरवणार नाही.