शोभाताईंचा दिवस शेवटी

फैजपूरच्या बसस्थानकावर आई गाडीच्या खिडकीखाली उभी होती. मला धुळ्याच्या शाळेत नेमणूक मिळाली होती आणि गाडी सुटेपर्यंत तिचे एकच सांगणे चालू होते, ‘‘नव्या गावात पह्यले आपुन हात द्याचा. मंग लोक आपल्या घरी येतात.’’ धाकटी बहीण हसली, ‘‘हे तिकडं वर्गात शिकवजो, ताई!’’

फैजपुरात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या मैत्रिणींनो, त्या सूचनेचा पुढचा भाग मला धुळ्यात शिकायला मिळाला.

धुळ्यातल्या देवपूर भागात बिऱ्हाड मांडले. पहिल्याच उन्हाळ्यात गल्लीत बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, गडबड सुरू झाली. आंबवलेल्या ज्वारीचा शिजवलेला घाटा गरम असेपर्यंतच ओल्या फडक्यावर थापता येतो. एकटीचे ते काम नाही. म्हणून बायका क्रमाने एकमेकींच्या घरी जातात. या क्रमात जिला दिवस मिळाला, ती गल्लीची झाली. मला तो दिवस हवा होता.

शेजारच्या शोभाताईंनी प्रथम बोलावले. तळहात लाल होईपर्यंत मी थापत राहिले. ‘‘मॅडम, तुम्ही तर आमच्याच झाल्या!’’ त्या म्हणाल्या. माझ्या दिवशी मात्र त्या आल्याच नाहीत. कंबर धरल्याचा निरोप आला. समोरच्या घरातल्या वयस्क अक्का घाटा ढवळत म्हणाल्या, ‘‘शोभानी कंबर बी मुहूर्त देखीसनच दुखस!’’ एक हात कमी पडल्याने शेवटचा घाटा घट्ट झाला. तो आम्ही तेल-तिखट घालून तिथेच संपवला.

पुढच्या वर्षी शोभाताईंचे बोलावणे पुन्हा सर्वांआधी आले. नकाराचे वाक्य माझ्या ओठांवर तयार होते. पण मी अजून नवखी होते. एकीशी तुटले तर क्रमच हातचा जाईल, ही भीती होती. अक्कांना विचारले.

‘‘नही कसाले म्हनस? हा म्हन. पन तिना दिन बठ्ठास्ना मांगे ठेवूत.’’

म्हणजे शोभाताईंचा दिवस सर्वांच्या शेवटी. मला ही रीत फार विचारपूर्वक घडवलेली वाटते. परतफेड न करणाऱ्याला टाकून दिले, तर त्याच्या सुधारण्याची वाट बंद होते. पूर्वीसारखेच देत राहिलो, तर न येण्यातच शहाणपण आहे असे तो शिकतो. येथे कोणी रागावले नाही, दारही लावले नाही. आधी सगळ्यांकडे थापायचे, मग आपल्याकडे. निर्णय शोभाताईंचा. दोन घरी थापून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘यंदा मी रेडीमेडच आणते बाई.’’

त्या पावसाळ्यात शोभाताई तापाने अंथरुणाला खिळल्या. मी थोड्या खोचकपणे अक्कांना विचारले, ‘‘खिचडीही शेवटीच न्यायची का?’’

‘‘आजारी मानूसले कसाना नंबर वं? जाय, गरम शे तवलोंग दी ये!’’

मी गरम असतानाच नेऊन दिली. माझा डबा अद्याप परत आलेला नाही आणि मी तो मागितलेलाही नाही. श्रमाच्या देवाणघेवाणीत क्रम पाळावा. गरजेत फक्त गरज पाहावी. हा भेद समजल्यापासून माझ्या मनात शोभाताईंविषयी कटुता राहिली नाही. हात पुढे करायला आईने शिकवले, तो कोठे थांबवावा आणि कोठे थांबवू नये हे अक्कांनी. दोघींचेही ऋण मी आनंदाने बाळगते.

यंदा मे महिन्यात मी फैजपूरला होते. ओट्यावर आईजवळ बसले असताना व्हॉट्सॲपवर अक्कांचा आवाज आला, ‘‘मास्तरीन, तुना दिन पह्यला धरेल शे. ज्वारी भिजाई टाकी मी. वखतवर ये!’’

माझा दिवस धरायचा का, हे मला कोणी विचारले नव्हते. मीही तो कोणाकडे मागितला नव्हता.

आईने तो निरोप पुन्हा लावायला सांगितला, कान देऊन ऐकला आणि उठून माझी पिशवी पुढे केली.

‘‘जाय व माय. तुह्या घरचे वाट पाह्यतात.’’