दावणीला टाकलेला तांदुळजा

माझे वडील मी लहान असतानाच वारले. त्यानंतर मी आणि आई, वडिलांच्या थोरल्या भावाच्या घरी राहिलो. गाव शिरूर अनंतपाळकडचं. चुलते अबोल होते, घरात राज्य चुलतीचं. तिला मी मोठीआई म्हणायचे आणि आई तिला अक्का म्हणायची. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात पाऊस चार शिंतोडे टाकून गेला तो परत फिरकलाच नाही. मोठीआईनं धान्याच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. आमच्या वाट्याला दिवसाला एक भाकरी यायची, तीही मोडलेली.

आई सकाळी सरकारी कामावर खडी फोडायला जायची. परतताना ओढ्याच्या कडेनं यायची. मी तिच्या वाटेवर जाऊन बसायचे. ओढ्यात पाणी नव्हतं, पण वाळूखाली ओल होती आणि त्या ओलीवर काहीबाही हिरवं जीव धरून होतं. तिथंच आईनं मला झाडपाला ओळखायला शिकवलं. तिनं सांगायची रीत साधी होती. ती पानाला हात लावायला लावायची.

"ही घोळ. देठ मोड. चीक आला का?"

"न्हाई."

"मग खायची. अशीच दिसती दुसरी एक, जमिनीला चिकटून पसरती. मोडली की पांढरा चीक येतो. ती टाकून द्यायची."

"पण पाथरीला बी चीक येतो की."

"येतो. म्हणून एकच खूण धरून चालत न्हाई. पाथरीचं पान बघ, कातरल्यावानी हाय."

तांदुळजा आणि काटेमाठ यांतला फरक मला बोटाला काटा टोचल्यावर कळला. काटा पानाच्या बेचक्यात असतो, ते मी आजवर विसरले नाही. तरोट्याची पानं दिवस मावळला की मिटतात, म्हणून तो उजेडी खुडायचा. कुर्डू फुलावर यायच्या आधी कवळा असतो तोवरच घ्यायचा. धोतराही आईनंच दाखवला, लांबून. त्याची काटेरी बोंडं बघून ती म्हणाली, "ह्याला हात लावू नको, माणूस येडं होतं." मी हात लावला नाही. पण ते झाड कुठं आहे हे ध्यानात ठेवलं, आणि कोणासाठी, तेही.

एके दिवशी आईला तांदुळजा भरपूर मिळाला. पदर भरून आणला तिनं. मी विस्तव पेटवला. त्याच दिवशी मोठीआईच्या माहेरची माणसं येणार होती. ती चुलीपाशी आली, टोपलीकडं बघितलं आणि म्हणाली, "पावणे यायलेत. त्यांच्यापुढं घरात गुरांचा चारा शिजवताव का?"

आई म्हणाली, "अक्का, आमी मागं परसात शिजवून खाताव."

मोठीआईनं टोपली उचलली, गोठ्यात गेली आणि सगळा तांदुळजा बैलांच्या दावणीत ओतला. बैलही उपाशीच होते. सगळं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मी दारात उभी राहून बघत होते. आईनं विस्तवावर पाणी टाकलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मोठीआईनं बायकांत सांगितलं, "माझी जाऊ अन् तिची पोर रानात चरायला जात्यात." बायका हसल्या. त्यांच्या पोरांनी ते शाळेत नेलं. मी वर्गात शिरले की कोणीतरी हंबरायचं. पुढं चांगला पाऊस पडला, धान्य आलं, तरी ते हंबरणं थांबलं नाही.

मी शिकले ते त्या रागावर. पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, नवी शाळा निघाली, तिथं मला विज्ञानाच्या बाईंची नोकरी लागली. आईला घेऊन मी तिथं राहायला गेले. आमच्या नव्या वसाहतीत निम्मे प्लॉट मोकळे पडलेले. पावसाळ्यात त्यावर तरोटा, केना, कुर्डू गुडघ्याएवढा माजायचा. मुलांना घेऊन मी तिथं फिरायचे, एकेक झाड हातात देऊन ओळख करून द्यायचे.

एका श्रावणात निरोप आला. मोठीआईचा मुलगा जिल्ह्याच्या गावी प्लॉट बघायला येणार होता. सोबत मोठीआई, सून आणि सुनेचे आईवडील. ती उदगीरची व्यापारी माणसं, मोठ्या घरची. मोठीआई हॉटेलात पाणीसुद्धा पीत नसे, म्हणून जेवण माझ्याकडं करायचं होतं. आईला वाटलं मी नाही म्हणेन. मी म्हणाले, "येऊ द्या."

त्या दिवशी पहाटेच मी प्लॉटांवर गेले. सगळं निवडून, वेचून आणलं. तरोटा लसूण घालून परतला. घोळ मुगाच्या डाळीत शिजवली. कुर्डूची पीठ पेरून भाजी केली, केन्याच्या पानांची भजी तळली. पाथरी कच्चीच, शेंगदाण्याचा कूट घालून. सोबत ज्वारीच्या भाकरी. तांदुळजा शेवटी केला.

पाहुणे पोटभर जेवले. सुनेची आई तर दुसऱ्यांदा भाजी मागून घेत होती. तिनं विचारलं, "बाई, ही कोणती भाजी म्हणायची? आमच्या मंडईत न्हाई दिसत."

"मोठीआईला विचारा," मी म्हणाले. "त्यांना ओळखता येईल."

मोठीआई म्हणाली, "राजगिरा असंल."

मी आत जाऊन सूप आणलं. त्यात सगळ्या भाज्यांची एकेक डहाळी ठेवली होती. ते मी मोठीआईच्या ताटापुढं ठेवलं आणि एकेक उचलून नाव सांगत गेले. तरोटा. घोळ. कुर्डू. केना. पाथरी. शेवटी तांदुळजा हातात घेतला.

"हा तुमी बैलांना घातला होता. दुष्काळात. तुमच्या माहेरचे पावणे आले होते त्या दिवशी. आमी दोघी उपाशी झोपलो."

सुनेची आई मोठीआईकडं बघत राहिली. मुलाचा घास हातातच राहिला. मोठीआई म्हणाली, "मला न्हाई बा आठवत."

मला वाटलं होतं, आई मला आता गप्प करील. ती भाकरी घेऊन बाहेर आली, मोठीआईच्या ताटात वाढली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "तो लई कवळा होता, अक्का. आज तसा मिळाला न्हाई."

मोठीआईनं ताटातच हात धुतला. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं. तिचा चेहरा मी अगदी सावकाश बघितला.

मुलानं प्लॉट घेतला, पण गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मोठीआई माझ्या दारात परत आली नाही. संध्याकाळी आईनं उरलेला तांदुळजा भाकरीनं पुसून खाल्ला. मला दया आली का, असं एका मैत्रिणीनं पुढं विचारलं. नाही आली. त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली की सकाळी आईनं मला हलवून उठवलं.

पुढच्या पावसाळ्यात सुनेची आई लेकीकडं, त्या प्लॉटवरच्या नव्या घरी आली होती. एका सकाळी ती एकटीच माझ्याकडं आली, हातात पिशवी. म्हणाली, "मला ओळखायला शिकवा की." आम्ही नव्या कचेरीमागच्या माळावर गेलो. मी तिला तरोटा आणि तरवड शेजारी शेजारी दाखवले. दोघांची फुलं पिवळी, पण तरवड मोठं झुडूप, दुष्काळातही हिरवं राहणारं, आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत. तिनं फूल कानामागं खोचून बघितलं, हसली. मग जरा वेळानं हळूच म्हणाली, "त्या वर्षी अजून काय काय केलं हो विहीणबाईंनी?"

आम्ही लिंबाच्या सावलीत बसलो. मी सगळं सांगितलं. कुलूप, कनवटीची किल्ली, विहिरीवरचं हसणं. काहीही गाळलं नाही.