मनिलाच्या फुलाबाई

फुलाबाई जेवायला बसल्या की रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही हाक मारायच्या, "या, जेवा!" मग तो टपालवाला असो, मोळी घेऊन उतरणारी कातकरीण असो, की छत्री सावरत चाललेले शाळेचे हेडमास्तर असोत. ताटात एकच मासा असला तरी हाक चुकायची नाही. लोक हसून पुढे जात. "आमच्या मुलकात खाताना मानूस दिसलं आन् बलिवलं न्हाई, तर घास नरड्याखाली उतरत न्हाई," असं त्या सांगत. त्यांचा मुलूख म्हणजे मनिला. बोली मात्र अस्सल मावळी, कारण मराठी त्या भाजे गावच्या सासूकडून शिकल्या होत्या. खरं नाव फेलिसा. सासूच्या जिभेला ते वळेना, म्हणून तिने फुला केलं.

त्यांचा नवरा सखाराम तरुणपणी मुंबईहून बोटीवर कोळसा ओढायला गेला होता. मनिलाच्या बंदरात तापाने आजारी पडला, बोट त्याला सोडून गेली, आणि काही वर्षांनी तो बायकोसह परतला. पुढे लोणावळ्याच्या तुंगार्लीतल्या एका शेटजींच्या बंगल्याची राखण त्याच्याकडे आली. माझे यजमान लोणावळ्याला रेल्वेत कारकून होते. आमच्या भाड्याच्या दोन खोल्या त्या बंगल्याच्या कुंपणाला लागूनच होत्या.

फुलाबाईंची खरी चूल मागच्या अंगणात होती. तीन दगड आणि त्यांच्यावर खिडकीच्या जुन्या गजांची, लोहाराकडून जुळवून घेतलेली जाळी. तळ्यातला मासा पोटात कांदा, टोमॅटो, आलं भरून त्या केळीच्या पानात गुंडाळायच्या आणि जाळीवर ठेवायच्या. वांगं भाजून, सोलून, देठाला धरून चेपायच्या आणि अंड्यात बुडवून तव्यावर टाकायच्या. कोंबडी आदल्या दिवशीच गवती चहा, लसूण आणि जांभळाच्या आंबट शिरक्यात मुरायला पडायची. मग बांबूच्या काडीला टोचून निखाऱ्यावर. त्यावर तेल लावायला कुंचा म्हणजे गवती चहाचाच ठेचलेला दांडा. मला घाई व्हायची. मी फुंकणी घेतली की त्या काढून घ्यायच्या. "जाळ नुसता बडबडतो, ताई. शिजवतो त्यो निखारा."

पण ही मैत्री झाली ती दुःखातून. माझी पहिली मुलगी तीन महिन्यांची होऊन गेली. त्यानंतर मला अन्नाची शिसारी बसली. भाताचा वास आला तरी उमळून यायचं. यजमान हवालदिल झाले होते. एका दुपारी मी मागच्या पायरीवर बसले होते, तेव्हा कुंपणापलीकडून भाजक्या लसणाचा वास आला आणि कितीतरी दिवसांनी पोटात भूक हलली. फुलाबाईंनी काही विचारलं नाही. कुंपणावरून भाजक्या कोंबडीची एक काडी पुढे केली. मी उठून कुंपणाशी गेले, ती उभ्यानेच खाल्ली, आणि खाता खाता हुंदका फुटला. त्या म्हणाल्या, "रडा. पर खात खात रडा."

त्यानंतर महिनाभर रोज दुपारी त्यांनी मला खाऊ घातलं. मी उठून बसले ती त्यांच्या हातच्या अन्नावर. हे मी तेव्हाही जाणत होते, म्हणून पुढचं सांगताना आजही मान वर होत नाही.

दोन वर्षांनी मला मुलगा झाला. बारशाला तळेगावहून सासूबाई, नणंदा, सासरची वीसेक माणसं आली. आमच्याकडे मासे-मटण चालत असे, पण कुणाच्या हातचं चालतं याचे नियम कडक होते. फुलाबाईंना मी बारशाचं सांगितलं होतं. जेवण आणू नका हे सांगायचं मात्र धैर्य झालं नव्हतं. त्या दिवशी शेटजी आल्यामुळे सखाराम बंगल्यावर अडकला होता. फुलाबाई एकट्याच आल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसांत अबोली, आणि डोक्यावर केळीच्या पानाने झाकलेली परात. पहाटेपासून जाळीपाशी बसून चेहरा लाल झालेला. त्या पुढच्या दाराने आत आल्या आणि हसून म्हणाल्या, "ताई, समद्यांना पुरंल बगा!"

सासूबाईंनी फुलाबाईंच्या गळ्यातला क्रूस पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "ही कोण गं?"

मी म्हणाले, "बंगल्यावरची बाई आहे. आपल्याकडे कामाला येते."

फुलाबाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या, घराला वळसा घालून मागच्या दारी गेल्या, परात पायरीवर ठेवली. लुगड्याचा पदर खोचला आणि मोरीतल्या खरकट्या भांड्यांच्या ढिगापुढे बसल्या. मी कामवाली म्हटलं होतं, त्यांनी काम केलं. वीस माणसांची भांडी एकटीने घासली. मी पाळण्याशी गाणी म्हणत होते आणि मागून राखेचा खसखस आवाज ऐकत होते. उठले नाही. सासूबाईंनी परात कुंपणाबाहेर रिकामी करायला लावली, तेव्हाही उठले नाही. शेवटी फुलाबाईंना पत्रावळीवर जेवण वाढलं ते मीच, मागच्या अंगणात. त्यांनी ते पदराआड झाकून घरी नेलं.

त्या दिवसापासून मी 'ताई' राहिले नाही. त्या मागच्या दारानेच यायच्या, बाळाला बघायच्या आणि मला 'बाईसाहेब' म्हणायच्या. एकदा मी म्हटलं, "फुलाबाई, पूर्वीसारखं ताई म्हणा ना."

त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कोन ते तुमीच सांगितलं न्हवं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला पाया पडता आलं असतं.

पुढे युद्ध पेटलं. मनिला जपान्यांच्या हाती गेल्याची बातमी यजमानांनी वाचून दाखवली. फुलाबाईंची आई, तीन भाऊ तिथे होते. मी कुंपणापर्यंत गेले. त्या थंड चुलीपुढे बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे. काय म्हणून हाक मारावी ते सुचेना, आणि मी परत फिरले. वर्षभरात शेटजींनी बंगला विकला. नवराबायको भाज्याला गेली.

तिथे त्या हिवतापाने वारल्याचं मला महिन्याभराने कळलं. मी माळवलीला उतरून भाज्याला गेले. सखारामने घोंगडी अंथरली, पाणी दिलं. मग म्हणाला, "तुमची लय आठवन काढायची, ताई. शेवटी शेवटी तापात बी तुमच्या बारशाचंच सांगत हुती."

मी तांब्या खाली ठेवला. "काय सांगायच्या?"

"की ताईंनी पुढच्या दारानं आत नेलं. समद्या बायांत बसवलं. तळेगावच्या पावन्यांनी परात पार पुसून खाल्ली. व्हय ना ताई? आमच्या भावकीतबी कदी कुनी तिच्या हातचं खाल्लं न्हाई. तेवढा एकच दिस मिळाला तिला."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलंही.

"हो," मी म्हणाले, "सगळ्यांना फार आवडलं."

त्याचा चेहरा उजळला. त्याने डोळे पुसले आणि मला स्टेशनपर्यंत पोचवायला आला. वाटेत मी स्वतःची समजूत घातली, की हे खोटं त्याच्यासाठी बोलले. गाडी सुटल्यावर ती समजूत टिकली नाही. त्या खोट्याने पुन्हा एकदा मीच वाचले होते.