उजव्या बाजूचे केस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं त्या वहिनीला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या उस्मानपुऱ्यात राहत नाही. राहत असाल तर... जाऊ द्या, आता तोंड उघडलंच आहे.

आधी एक कबूल करते. ते दिवस फार मजेचे होते. हाच तर घोळ आहे. आपण जेव्हा वाईट वागलो त्या दिवसांची आठवणही वाईटच असायला हवी ना? मला मात्र अजून हसू येतं.

लग्नाआधी पार्लरचा कोर्स करून मी माहेरच्या घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची, एक आरसा आणि एक कूलर मांडला होता. गिऱ्हाईक म्हणाल तर भुवया करायला येणाऱ्या कॉलेजच्या मुली. माझा डोळा होता मोठ्या कामांवर. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यानं गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या केसांना फाटे फुटलेले. मी एक भारीतलं क्रीम आणलं. फाटे सांधले जातात, असं डब्यावर ठसठशीत छापलेलं होतं.

माझी आत्या तेव्हाही आमच्याकडेच राहायची, आजही राहते. तिचं स्वतःचं तेल आहे — जास्वंद, माका, मेथी, कढईत टाकून घरभर वास सुटेपर्यंत उकळायचं. तिनं माझा डबा उलटासुलटा करून पाहिला, हुंगला आणि म्हणाली, "ह्याच्यानं फाटे मिटले तर मी नाव बदलीन."

झालं, लागली पैज. आणि ती कुणाच्या डोक्यावर? वहिनीच्या! भावाचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वहिनी सोयगावची. शेपटा गुडघ्याला टेकणारा, आणि खाली फाटेच फाटे. ठरलं असं की मधोमध भांग पाडायचा. डावी बाजू आत्याच्या तेलाची, उजवी माझ्या क्रीमची. रविवारच्या रविवारी लावायचं आणि जयंतीच्या तयारीला गल्लीतल्या बायका आमच्याकडे जमतात, तेव्हा सगळ्यांसमोर निकाल. वहिनी इतकी खूश होती — नव्या सुनेला घरात दोघी जणी न्हाऊमाखू घालतायत, अजून काय हवं? तिची एकच अट होती.

"काय बी लाव शीतल, पण कात्री लावायची नाय."

तिच्या आईनं तिला तसं सांगून ठेवलं होतं. आई लग्नाच्या थोडी आधी गेली. लहानपणापासून रोज सकाळी तीच लेकीला पुढ्यात घेऊन बसायची, तेल लावायची, विंचरायची. वहिनीच्या केसांना कधीच कात्री लागली नव्हती. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. फाटलेला केस सांधत नाही. कोर्सच्या मॅडमनी सांगितलं होतं — क्रीम लावा, तेल लावा, दोन दिवस चकाकी येईल, पुढच्या न्हाण्याला फाटा परत तोंड वर काढील. त्याला एकच उपाय. पण डब्यावर एवढं छापलंय म्हणजे काहीतरी असेलच की, असं मी स्वतःला समजावत होते. तीन-चार रविवार गेले. मी लट उजेडात धरून बघायची. डावीकडे फाटे, उजवीकडे फाटे. आत्या खिडकीतून विचारायची, "काय गं, नाव काय ठेवू मग माझं?" आणि वहिनी खदखदून हसायची.

मी काय केलं असेल, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तरी मलाच बोलू द्या.

मी कूलर मोठा केला. तो असा घरघरायचा की शेजारचं बोलणं ऐकू येऊ नये. वहिनी माझ्याकडे पाठ करून बसलेली, डोळे मिटून, सोयगावच्या काहीतरी गमती सांगत होती. मी उजव्या बाजूची बारीक लट घेतली, तिला पीळ दिला — पीळ दिला की फाटे उभे राहतात — आणि फाटे सुरू होतात तिथून टोकच कापलं. एक लट. मग दुसरी. पुढच्या रविवारी परत. केस पायाखाली घेतले, नंतर झाडून कचऱ्यात टाकले. हात अडखळत होता का? नाही. हात छान चालत होता. मी तिच्या गमतींना हसतसुद्धा होते.

निकालाच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. उजवी बाजू रेशमासारखी. बायका हात फिरवून बघतायत, मी फुगलेली. आणि तेवढ्यात एकीनं दोन्ही बाजू खाली ओढून धरल्या. उजवी चांगली चार बोटं आखूड!

मी काहीतरी बोलून गेले की ट्रीटमेंटनं केस आवळून येतात. खरंच, असं म्हणाले मी! पण आत्यानं मला पुरतं बोलूही दिलं नाही. ती उठलीच.

"आवळतंय कशाचं! माझ्याकडचे वाढलेत. चार बोटं वाढवले की तेलानं!"

असा हशा पिकला म्हणता! दोघीही जिंकलो. माझं पार्लर चालायला लागलं ते त्या दिवसापासून, आणि आत्याच्या तेलाला आजही पिशोरहून फोन येतात. विधवा झाल्यापासून कोपऱ्यात बसणारी माझी आत्या आता ऐटीत कढईपुढे बसते. आत्याचं हे सुख पाहून मला आनंद होतो, खोटं कशाला सांगू? आणि वहिनीनं सगळ्यांसमोर मला मिठी मारली होती. तिच्या मिठीतही मी खोटीच उभी होते.

उजवी बाजू पुढे कधी डावीला गाठू शकली नाही. वहिनी वेणीच अशी घालायची की कळू नये.

परवा ती स्वतःच माझ्या पार्लरमध्ये आली. स्कूटी शिकलीय, हेल्मेटमध्ये शेपटा मावत नाही, उन्हाळा सोसवत नाही — मन भरलं, म्हणाली. "मानंपर्यंत कर. पहिली कात्री तुझ्याच हातची पाहिजे मला."

मी केस मधोमध वाटले, दोन वेण्या घातल्या आणि कापल्या. वहिनी खुर्चीतून उठली, मान झटकली, परत झटकली आणि लहान पोरीसारखी गोल फिरली. किती सुंदर दिसत होती! "लई हलकं वाटतंय गं," म्हणाली. मीही तिच्याबरोबर हसले, मनापासून हसले.

मग तिनं दोन्ही वेण्या मांडीवर घेतल्या, टोकं बोटांत धरली. केसाचं टोक सगळ्यात जुनं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी तिला ठाऊक होतं.

"हितं आईचा पयला हात लागलाय बघ," ती म्हणाली. "म्हणून जपले."

तो पहिला हात तिच्या डाव्या हातातल्या टोकाला लागला होता. उजव्या हातातली वेणी चार बोटं आखूड होती. तिनं दोन्ही सारख्याच मायेनं कुरवाळल्या, ओढणीत गुंडाळल्या आणि शीळ घालत स्कूटीकडे गेली. मी खाली पडलेले केस झाडायला घेतले.