बिडी कारखान्यातला राजा

गोंदियाच्या त्या बिडी कारखान्यात पिकलेला हशा मी अजून विसरलेलो नाही. इंग्रजी अंमल होता, मी नवा ठाणेदार होतो आणि मिशीला पीळ देऊन राजद्रोही पकडायला निघालो होतो!

खबर खुद्द कारखान्याच्या शेठने आणली. "साहब, मास्टर ने किताब लिखी है. सरकार के खिलाफ. मजदूर सुनते हैं और बिगड़ते हैं." बिड्या वळताना हात गुंतलेले, कान मोकळे, म्हणून मजूर रोज कोणाकडून तरी काहीबाही वाचून घेत. त्या उन्हाळ्यात, शाळेच्या सुट्टीत, जवळच्या गोरेगावचे एक गुरुजी त्यांना स्वतःची कादंबरी वाचून दाखवत होते.

मी ती जप्त करून वाचली. पुढच्या काळातलं राज्य. दिवसभर बोललेले शब्द प्रत्येकाने संध्याकाळी दरबारात आणायचे. राजाचा माणूस त्यातले निम्मे शब्द खराब ठरवून स्वतःकडे ठेवून घेणार.

"हा राजा कोण?" मी गुरुजींना दरडावलं.

"कोर्टात सांगेन."

नोकरी जाणार, तुरुंग होणार, घरी लहान लेकरं. तरी गडी हटेना. मला राग आला आणि कौतुकही वाटलं.

साक्षीदार हवे होते. कारखान्यात जाऊन सर्वांसमोर विचारलं, "गोष्टीतला जुलमी राजा कोण?"

तेंदूपत्ता कापणारी एक म्हातारी म्हणाली, "काऊन विचारून राहिले साहेब? हा शेठच तं होय! सांजच्याले आमच्या बिड्या खराब म्हणून छाटते, मजुरी देत नाही, अन् त्याच बिड्या बाजारात इकते!"

"आणि सरकार?"

"सरकारले आमच्या बिडीशी काय करा लागते जी?"

हसून हसून लोकांच्या हातातली पानं गळाली. दारात उभा शेठ घामाघूम! त्या संध्याकाळी शेठने छाटलेल्या बिड्या मजुरांनी त्याच्यासमोरच मोडून टाकल्या. फुकटची कमाई संपली, तशी छाटही आटली.

"गुरुजी, सुटलात," मी ठाण्यात सांगितलं. "तुमच्या पुस्तकात कोणाला सरकार दिसलंच नाही."

त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे लिहिलेलं वाया गेलं?"

मी त्यांना कादंबरी परत दिली आणि हाताला धरून कारखान्यात नेलं. लिहिणारा लांबचा राजा रंगवतो, ऐकणारा आधी जवळचा ओळखतो, हे मी त्या केसमध्ये शिकलो. प्रचार म्हणतात तो असाही होतो.

गुरुजी दिसताच म्हातारीने बसायला पोतं सरकवलं. "वाचा जी गुरुजी. शेठचं तं झालं. आता त्याच्याबी वर कोण बसते?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच ऐकलं नाही असं दाखवून टोपी उचलली आणि बाहेर पडलो. ठाण्यापर्यंत मात्र एकटाच हसत होतो.